एकच नमुना, दोन गणितें

गेल्या महिन्यांत एका भगिनींनीं पत्रानें आम्हांस एक प्रश्न विचारिला आहे. वर्तमानपत्रांत एका खुनाच्या खटल्याची हकीकत वाचीत असतां त्यांच्या घरीं वाद उपस्थित झाला. यजमान म्हणाले, "डी. एन. ए. जुळला, आतां आरोपीच्या वकिलानें कितीही बुद्धि खर्च केली तरी तिचा उपयोग नाहीं." त्यावर भगिनींचें म्हणणें असें कीं, प्रयोगशाळेंतून कागद आला म्हणजे न्याय झाला, हें कसें धरावें? दोघांपैकीं खरें कोणाचें, हें त्यांस हवें आहे. पतिपत्नींच्या वादांत निवाडा देण्याचें धाडस आम्ही सहसा करीत नाहीं. परंतु ह्याच प्रश्नावर परदेशांत न्यायाधीश, गणिती व रसायनज्ञ ह्यांच्यांत गेलीं दहा-पंधरा वर्षें मोठी चर्चा चालू असून तिच्यावर माणसांचें स्वातंत्र्य अवलंबून आहे. म्हणून ह्या वेळचें सदर त्या प्रश्नासच देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ वस्तु पाहूं. आपल्या शरीरांतील बहुतेक पेशींत डी. एन. ए. नांवाचा अतिसूक्ष्म धागा असतो व आईबापांकडून आलेला आपला सारा शारीरिक वारसा त्यावर चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेला असतो. ह्या लेखाचा फार मोठा भाग सर्व मनुष्यांत सारखाच असतो. परंतु कांहीं ठराविक जागीं एकच लहानसा शब्द पुनःपुनः येतो. अथर्वशीर्षाचीं आवर्तनें करावींत त्याप्रमाणें कोणाच्या धाग्यावर त्याचीं १२ आवर्तनें असतील, कोणाच्या १५. प्रत्येक जागीं असे दोन आंकडे मिळतात, एक मातेकडून आलेला व एक पित्याकडून. एका जागेचे आंकडे अनेकांचे सारखे असूं शकतील. परंतु अशा वीस जागा एकदम जुळणें, एकरूप जुळीं भावंडें सोडलीं तर, जवळजवळ अशक्यच होय. अमेरिकेंत २०१७ पासून अशा २० जागा प्रमाण मानिल्या आहेत.

इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठांत ॲलेक जेफ्रीज ह्यांनीं १९८४ सालीं डी. एन. ए.वरून व्यक्ति ओळखण्याची युक्ति शोधून काढिली. खुनाच्या तपासांत तिचा पहिला उपयोग झाला तो एका निरपराध तरुणास सोडविण्याकडे. त्या तरुणानें पोलिसांपुढें गुन्हा कबूल केला होता. शास्त्रानें ती कबुली खोटी ठरविली, आणि खरा अपराधी १९८८ सालीं शिक्षा पावला. ज्या शास्त्राचा आरंभ असा झाला त्याविषयीं लोकांच्या मनांत आदर उत्पन्न व्हावा, ह्यांत नवल नाहीं.

एकाच माणसाच्या रक्ताचा स्वच्छ डाग असेल तर काम सोपें असतें. अडचण येते ती मिश्रणांत. दाराची मूठ, चाकूची मूठ, मृताचीं नखें, पिशवीचा बंद, ह्यांवर दोघांचा, तिघांचा, कधीं चौघांचा डी. एन. ए. एकत्र सांपडतो, आणि तोही अत्यल्प. शेजारच्या घरीं गणपतीची आरती चालली आहे आणि आपण भिंतीच्या अलीकडे बसून ती ऐकत आहों, अशी कल्पना करा. एक आवाज खणखणीत असतो, दुसरा मध्यम, तिसरा मधूनच ऐकूं येतो व मधूनच लुप्त होतो. भिंतीवरून उठलेला प्रतिध्वनि एखाद्या निराळ्या माणसाचा आवाज वाटतो. रस्त्यावरून कोणी ओरडत गेला तर तोही आरतींतच मिसळतो. आतां कोणी आपणांस विचारिलें कीं, 'आंत किती माणसें होतीं, आणि आमचे गोविंदराव त्यांत होते काय?' तर शपथेवर काय सांगावें? मिश्रणाचा तपास करणाऱ्या रसायनज्ञापुढें नेमका हाच प्रसंग असतो. क्षीण हिस्सेदाराचे कांहीं आंकडे उमटतच नाहींत. खऱ्या आंकड्याच्या शेजारीं त्याची खोटी पडछाया उमटते. आणि कोठूनसा आलेला परका कण आपलाच आंकडा मिसळून जातो.

गणित थोडें उलगडून दाखवितों. वाचकांनीं कंटाळूं नये. समजा, एका जागीं १२, १४, १५ आणि १७ असे चार आंकडे उमटले. आलेखावर प्रत्येक आंकड्याचें एक शिखर दिसतें व त्याची उंची साधारणपणें डी. एन. ए.च्या प्रमाणांत असते. पहिल्या दोन शिखरांची उंची हजाराच्या घरांत आणि पुढच्या दोहोंची तीनशेंच्या घरांत असेल, तर १२-१४ हा मोठा हिस्सेदार व १५-१७ हा लहान, अशी जोडी शाळेंतील मूलही लावील. संशयिताचे आंकडे १५-१७ आहेत आणि समाजांत ही जोडी पन्नासांत एकाची असते, असें धरा. तर 'संशयित मिश्रणांत आहे' असें मानल्यास हा आलेख मिळण्याचा संभव, 'त्याच्या ठिकाणीं कोणी अनोळखी आहे' असें मानण्यापेक्षां, ५० पट होतो. ह्यासच शास्त्रज्ञ संभाव्यतेचें गुणोत्तर म्हणतात. अशा पांच जागा मिळाल्या तर गुणाकार ३१ कोटींच्या वर जातो.

आतां तेच चार आंकडे ठेवा, परंतु चारही शिखरें सारख्या उंचीचीं करा. मग कोणाची जोडी कोणती, ह्याचे सहा प्रकार संभवतात, आणि गुणोत्तर पन्नासावरून एकदम सहाव्या हिश्शावर, म्हणजे आठांच्या आसपास, उतरतें. आंकडे तेच, संशयित तोच. केवळ शिखरांची उंची बदलली. ह्यांत माणसें तीन किंवा चार झालीं, कांहीं आंकडे गळाले, कांहीं पडछाया मिसळल्या, म्हणजे प्रकार हजारोंनीं वाढतात आणि कागद-लेखणीचें काम राहत नाहीं.

पूर्वीं हें काम तज्ज्ञाच्या नजरेवर सोडलेलें असे. ती नजर किती एकसारखी होती, ह्याची परीक्षा इटिएल ड्रॉर व ग्रेग हॅम्पिकियन ह्या संशोधकांनीं घेतली व २०११ सालीं प्रसिद्ध केली. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांतल्या एका खऱ्या खटल्यांतील मिश्रण त्यांनीं खटल्याची हकीकत न कळवितां १७ तज्ज्ञांपुढें ठेविलें. मूळ खटल्यांत 'आरोपीस वगळतां येत नाहीं' असें मत देण्यांत आलें होतें. १७ पैकीं तेंच मत एकाचें पडलें. चौघांनीं निश्चित सांगतां येत नाहीं म्हणून कळविलें. आणि बाराजणांनीं आरोपीस साफ वगळलें. हकीकत ठाऊक असली म्हणजे डोळ्यांस काय दिसावें हें मन ठरवितें, असा त्याचा अर्थ होय.

ह्या दोषावर उपाय म्हणून संगणकाची योजना झाली. पिट्सबर्ग येथील मार्क पर्लिन ह्यांनीं 'ट्रूॲलील' नांवाची आज्ञावली तयार केली. न्यूझीलंड व दक्षिण ऑस्ट्रेलिया येथील सरकारी शास्त्रज्ञांनीं 'एस. टी. आर. मिक्स' नांवाची दुसरी तयार केली. ती २०१२ पासून त्या देशांत वापरांत आली व पुढें अमेरिकेंतही पसरली. दोहोंची मूळ रीति मॉंटे कार्लो येथील जुगारगृहाच्या नांवानें ओळखली जाते. १९४६ सालीं स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारांतून उठत असतां एकट्यानें पत्ते खेळत बसले होते. डाव सुटण्याचा संभव किती, हें सूत्रानें काढणें कठीण. त्यापेक्षां शंभर डाव मांडून किती सुटतात तें मोजावें, हा विचार त्यांस सुचला. त्या बीजाचाच हा वृक्ष. संगणक मिश्रणाचीं लक्षावधि उत्तरें कल्पितो, प्रत्येक उत्तर आलेखाशीं ताडून पाहतो, न बसणारीं टाकितो, बसणारीं अधिक वेळां घोळवितो, आणि शेवटीं कोणत्या उत्तराचें वजन किती तें सांगतो. आरोपी कोण जातीचा, त्याच्यावर पूर्वीं काय आरोप होते, हें त्यास ठाऊक नसतें. हा गुण लहान नव्हे.

ह्या गुणाचें फळही मिळालें आहे. इंडियाना राज्यांत १९८९ सालीं पांचजणांनीं एका स्त्रीवर अत्याचार केला. त्या गुन्ह्याकरितां १९९१ सालीं शिक्षा झालेला एक मनुष्य 'मी तो नव्हे' असें सांगत दोन तपें तुरुंगांत राहिला. मिश्रणांतून माणसें वेगळीं काढणें जुन्या रीतीस साधत नव्हतें. ट्रूॲलीलनें पांच निरनिराळे हिस्सेदार वेगळे करून दाखविले, त्यांत तो नव्हता. आणि २०१६ च्या एप्रिलांत तो सुटला. ज्या यंत्रानें हें केलें त्याची कोणी थट्टा करूं नये.

परंतु त्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्यांत दुसरा प्रसंग घडला. तेथील पॉट्सडॅम गांवीं २०११ सालीं एका बारा वर्षांच्या मुलाचा खून झाला होता व एका माजी फुटबॉल-शिक्षकावर आरोप ठेवण्यांत आला होता. मुलाच्या नखांखालीं सांपडलेला अत्यल्प नमुना ट्रूॲलीलला दिला असतां आरोपीविरुद्ध कांहीं निष्पन्न झालें नाहीं. तोच पुरावा पुढें एस. टी. आर. मिक्सला दिला, आणि तिनें आरोपी मिश्रणांत असल्याच्या बाजूनें कौल दिला! न्यायाधीशांनीं, ज्या प्रयोगशाळेंत मूळ चांचणी झाली तिच्या उपकरणांवर ही आज्ञावली पारखून घेतलेली नाहीं, ह्या कारणास्तव तो पुरावा स्वीकारला नाहीं, आणि सप्टेंबर २०१६ मध्यें आरोपी निर्दोष सुटला. खुनाचा उलगडा त्या निकालानें झाला नाहीं. त्या मुलाच्या मातेस उत्तर मिळालें नाहीं, हेंही विसरतां कामा नये.

हा अपवाद म्हणून सोडून देतां आला असता. परंतु २०२३ सालीं विल्यम थॉम्पसन ह्यांनीं कॅलिफोर्नियांतील अमली पदार्थांच्या एका खटल्याची छाननी प्रसिद्ध केली. तेथेंही एकच अत्यल्प नमुना दोन्ही आज्ञावल्यांस दिला होता. एस. टी. आर. मिक्सचें उत्तर, आरोपी मिश्रणांत नसावा ह्या बाजूनें २४ पट. ट्रूॲलीलचें उत्तर, तो असावा ह्या बाजूनें १२ लक्षांपासून १ कोटी ६७ लक्ष पटींपर्यंत. पॉट्सडॅमला जी सोडवीत होती तीच येथें अडकवीत होती!

असें कां व्हावें? आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं टिळक पंचांग चालतें, बहुतेकांच्या घरीं दुसरें. आकाश एकच, सूर्यचंद्र तेच, दोन्ही पंचांगकर्ते गणितांत निष्णात. तरी एखाद्या वर्षीं एकाचा अधिकमास एका महिन्यांत पडतो व दुसऱ्याचा दुसऱ्यांत. बेरीज कोणाचीच चुकलेली नसते. राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा, म्हणजे अयनांश किती घ्यावे, ह्या गृहीतांतच भेद असतो. आज्ञावल्यांचेंही तसेंच आहे. अमुक उंचीच्या खालचीं शिखरें कचरा समजून टाकावीं, असें एकींत धरिलें आहे. दुसरी तळापर्यंत सर्व जमेस धरिते. पडछाया किती मोठी असूं शकेल, क्षीण आंकडा कितपत गळेल, ह्यांविषयीं दोघींचीं गृहीतें भिन्न आहेत. आणि मिश्रणांत माणसें किती, हें तर बहुतेक वेळां यंत्र चालविणारा मनुष्यच प्रारंभीं ठरवून देतो. भरपूर नमुना असला म्हणजे दोन्ही उत्तरें बहुधा एकाच बाजूस येतात. नमुना क्षीण झाला म्हणजे गृहीतेंच बोलूं लागतात. अमेरिकेच्या अध्यक्षांस सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञमंडळानें सप्टेंबर २०१६ मध्यें हेंच सांगितलें: तीन माणसांपर्यंतच्या मिश्रणांत, क्षीण हिस्सेदाराचा वांटा निदान शेंकडा २० असेल, तेथपर्यंतच ह्या रीतीची पारख झालेली आहे, पुढें अधिक प्रयोग हवेत.

दोन पंचांगांमुळें एखाद्या घरीं दिवाळी निराळ्या महिन्यांत आली तर फार तर पाहुण्यांचा घोटाळा होतो. आरोपीस दोन निकालांपैकीं एकच भोगावा लागतो.

म्हणूनच आंतील गणित उघडें करून पाहावयास मिळावें, अशी मागणी आरोपींचे वकील करूं लागले. ट्रूॲलीलच्या मूळ लेखनांत सुमारें १ लक्ष ७० हजार ओळी आहेत. तो आपला व्यापारी ठेवा आहे, असें तिच्या मालकांचें म्हणणें. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयानें फेब्रुवारी २०२१ मध्यें निर्णय दिला कीं, गुप्ततेच्या अटी घालून कां होईना, आरोपीच्या तज्ज्ञांस तें लेखन पाहूं दिलें पाहिजे. ही मागणी केवळ वकिली कावा नव्हे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथें एस. टी. आर. मिक्सच्या लेखनांत चूक निघाली व तिचा परिणाम ६० प्रकरणांतील आंकड्यांवर झाल्याचें २०१५ सालीं अधिकाऱ्यांनीं मान्य केलें. मनुष्यानें लिहिलेल्या कोणत्याही ग्रंथास शुद्धिपत्र लागतेंच. तो ग्रंथ तुरुंगाचें दार उघडीत वा लावीत असेल तर शुद्धिपत्र करणारास तो वाचूं देणें हा केवळ न्याय होय.

आतां गणित निर्दोष आहे असें क्षणभर धरूं. तरी आंकड्याचा अर्थ काय, ह्यांत सुशिक्षितही फसतात. गुणोत्तर १,००० आलें म्हणजे 'आरोपी गुन्हेगार असण्याचा संभव हजारास एक' असें बहुतेकजण समजतात. तें खरें नव्हे. समजा, गांवांत ५०,००० प्रौढ आहेत व दुसरा कसलाच पुरावा नसल्यामुळें त्यांपैकीं कोणाचाही तो डी. एन. ए. असूं शकतो. अशा स्थितींत हजाराच्या गुणोत्तरानंतरही पारडें, तो आरोपीचा नाहीं ह्याच बाजूस, ५० विरुद्ध १ असें राहतें. गुणोत्तर हें पहिल्या संशयास गुणणारें वजन आहे. तो पहिला संशय इतर पुराव्यांतून यावा लागतो.

शिवाय यंत्र 'कोणाचा' एवढेंच सांगतें. 'कसा आला' हें सांगत नाहीं. कॅलिफोर्नियांत २०१२ सालीं खून झालेल्या एका गृहस्थांच्या नखांवर एका निराधार माणसाचा डी. एन. ए. मिळाला व तो पांच महिन्यांहून अधिक काळ कोठडींत राहिला. पुढें उघड झालें कीं, खुनाच्या रात्रीं तो मद्यधुंद अवस्थेंत रुग्णालयांत निजून होता. ज्या शुश्रूषकांनीं सायंकाळीं त्यास तेथें पोंचविलें, तेच कांहीं तासांनीं खुनाच्या जागीं गेले होते. त्यांच्याबरोबर तो डी. एन. ए. तेथें गेला! जुळणी खरी होती. अनुमान खोटें होतें.

आपल्याकडील न्यायालयांनींही ह्या बाबतींत सावधपणाचा इशारा दिला आहे. आपल्या कायद्याप्रमाणें सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, त्यास समक्ष न बोलावतांही, पुराव्यांत घेतां येतो. बोलावण्याची मुभा न्यायालयास असते. दिल्लींतील एका तरुणीवर अत्याचार व खून केल्याच्या खटल्यांत फांशीची शिक्षा झालेल्या तिघांस सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें निर्दोष सोडलें. डी. एन. ए. अहवालांतील निष्कर्षांचा आधार काय, पद्धति विश्वसनीय रीतीनें योजिली होती कीं नाहीं, हें खालच्या न्यायालयांनीं तपासलेंच नाहीं, असा ठपका त्या निकालांत आहे. त्या मुलीच्या आईबापांचा शोक कोणाही सहृदयास समजेल. परंतु आधार न तपासलेला अहवाल त्यांच्याही कामीं आला नाहीं. तपास काटेकोर असावा, ही केवळ आरोपीची गरज नव्हे. मृताच्या आप्तांचीही ती तितकीच गरज आहे.

आपल्या नैयायिकांनीं प्रमाणें वेगळालीं सांगितलीं. धूर पाहून अग्नि जाणणें हें अनुमान. विश्वासू पुरुषाच्या वचनावरून जाणणें हें शब्द. संगणकानें दिलेला आंकडा हें अनुमान होय, आणि अनुमानाचा हेतु नेहमीं तपासून घ्यावयाचा असतो. धुरासारखें दिसलें तें धुकें तर नव्हे ना, हें पाहावयाचें असतें. आपल्या हातून चूक होते ती अशी कीं, यंत्राच्या अनुमानास आपण आप्तवचनाचा मान देतों आणि तपासणें सोडून देतों.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचें उत्तर असें: आपल्या यजमानांचा शास्त्रावरील विश्वास अनाठायीं नाहीं, स्वच्छ व भरपूर नमुन्यापुढें बहुतेक वकिली बुद्धि खरोखरच निष्फळ ठरते. परंतु आपण घेतलेली शंका त्याहून मोलाची आहे. पुढच्या वेळीं वर्तमानपत्रांत 'डी. एन. ए. जुळला' असें वाचलें म्हणजे दोघांनीं मिळून एवढें विचारावें: नमुना एकाचा कीं अनेकांचा? माणसें किती धरलीं, व तें कोणीं ठरविलें? आंकडा कोणत्या दोन गोष्टींची तुलना करून काढला? आणि तो कण तेथें दुसऱ्या कोणत्या वाटेनें येऊं शकला असता? इतकीं उत्तरें मिळेपर्यंत आरोपीस, निदान आपल्या बैठकींत तरी, कोणी दोषी ठरवूं नये, एवढीच आमची दोघांसही विनंति आहे.